जार पडेपर्यंत

पुन्हा ते दिवस आले. सौंसरच्या रस्त्यानं संत्र्यांनी भरलेल्या गाड्या पळू लागल्या, कापसाच्या गाड्यांतून निसटलेले पांढरे पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकू लागले, सकाळी मोटारसायकलच्या हॅन्डलवर बोटं आखडू लागली, आणि माझा फोन वाजू लागला. "डॉक्टरसाहेब, गाय व्याली. पण जार नाही पडून राहिली. येता का जी?"

येतो ना बाप्पा. नाही येऊन सांगतो कोणाला!

मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. खरं म्हणाल तर डॉक्टरच्या एक पायरी खालचा. पण आमच्याकडे हातात सुई दिसली की तो डॉक्टर, म्हणून सव्वीस वर्षं मी डॉक्टरच आहे. लसी टोचायच्या, कानात बिल्ले मारायचे, अडलेलं वासरू ओढून काढायचं, आणि हे सगळं केल्याचं आधी रजिस्टरमध्ये, मग मोबाइलमध्ये, मग ऑफिसच्या ग्रुपवर फोटोसकट टाकायचं. जेवायला बसलो की कोणाची तरी म्हैस फुगते. आज रविवार आहे हे जनावरांना कोणी सांगितलेलं नाही.

आणि तरी मी रोज एक पान लिहितो. रोज म्हणजे रोज. कोणाला पटो न पटो.

हे आधीच ठणकावून सांगतो, कारण विचारणाऱ्यांनी विचारून विचारून माझा जीव खाल्ला आहे. "डॉक्टर, कायले लिहून राहिले? पुस्तक काढता काय?" नाही काढत. "मंग बक्षीस-गिक्षीस भेटते काय?" नाही भेटत. "मंग?" मंग काय मंग! गावातली माणसं रोज संध्याकाळी पारावर बसून तीन तास पत्ते पिसतात, त्यांना कोणी जाऊन विचारत नाही की पत्ते खेळून पुस्तक काढणार काय. माझी अर्धा तासाची वही मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते.

सुरुवात कशी झाली, तेही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवसभर चार गावं फिरून घरी आलो. सकाळी एका म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उलटं आलेलं वासरू फिरवलं होतं आणि ते जिवंत निघालं होतं. दुपारी एक म्हातारी आपल्या भाकड गाईला माझ्यासमोर सांगत होती, "तू आधी जा व माय. मी आधी गेली त तुले कोन पाहीन?" संध्याकाळी परतताना संत्र्याच्या बागांवर असं केशरी ऊन पडलं होतं की मी गाडी थांबवून उभा राहिलो होतो. आणि घरी पोचल्यावर बायकोनं, वंदनानं, पाण्याचा तांब्या देता देता विचारलं, "काय झालं आज?"

मी म्हणालो, "काही नाही."

आणि हातातला तांब्या हातातच राहिला. मला एकदम राग आला, वंदनाचा नाही, माझाच. काही नाही? तेवीस वर्षांत मी रोज हेच उत्तर दिलं होतं. इतकी जनावरं, इतकी माणसं, इतके ओढे, इतकी उन्हं, आणि सगळ्यांची मिळून बेरीज काय, तर काही नाही! उद्या रिटायर झालो की हार घालतील, नारळ देतील आणि मी घरी येऊन खाटेवर बसेन, आणि मागं वळून पाहीन तर काहीच नसेल. मला भीती वाटली. त्याच दिवशी मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडली आणि लिहायला बसलो.

पहिलं पान काय उतरलं असेल? "सेवा में, श्रीमान महोदय, सविनय निवेदन है कि आज दिनांक को प्रार्थी भ्रमण पर गया था." हसू नका. आमचा भाग मराठी बोलणारा, पण राज्य हिंदी; म्हणून घरात मराठी, शाळेत हिंदी. माझं गाव तिगाव, पांढुर्ण्याजवळचं. घरी आई "काऊन रे, जेवला नाही?" म्हणायची आणि शाळेत गुरुजी "भोजन किया?" विचारायचे. नोकरी लागली ती हिंदीत, अर्ज हिंदीत, रिपोर्ट हिंदीत. हाताला कागदावर एकच चाल ठाऊक, कंबरेत वाकून चालायची. मनातलं लिहायला बसलो तर हात आपोआप साहेबाला नमस्कार घालू लागला. अन् मनातलं कोणाच्या मंजुरीला पाठवायचं होतं? ते पान फाडलं. दुसरं लिहिलं, तेही "अतः श्रीमान से" वर जाऊन थांबलं. तिसऱ्या दिवशी मी त्या भाकड गाईच्या म्हातारीचं वाक्य, ती जशी बोलली तसंच्या तसं, कागदावर उतरवलं. मग दुसरं वाक्य आलं, मग तिसरं. हाताची कंबर सरळ व्हायला दोन महिने लागले.

मोबाइलवर अलीकडे लिहिण्याचे गुरू पुष्कळ झालेत. मी त्यांचे व्हिडिओ पाहिले. पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, शांत खोलीत बसा, समोर एखादं रोप ठेवा. मी उठलो बरं का पाचला! आठ दिवस उठलो. पाच वाजून दहा मिनिटांनी कोणाची तरी गाय अडायची. समोर रोप ठेवलं, ते शेजाऱ्याच्या बकरीनं खाल्लं. त्या गुरूंना एकदा माझ्या गाडीवर मागं बसवून लोधीखेड्यापासून रामाकोन्यापर्यंत फिरवलं पाहिजे, शेणात बरबटलेल्या हातांनी त्यांच्याकडून पेनाचं टोपण काढून घेतलं पाहिजे, मग सांगा म्हणावं शांत खोली. ज्याला वेळ आहे त्याला सवय लावायला अक्कल लागत नाही. ज्याच्याकडे वेळच नाही, त्याला तो चोरावा लागतो.

मी तो चोरला जारेपासून.

ज्यांना गुरंढोरं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गाय व्याली की वासराच्या मागून जार पडते, म्हणजे पोटात वासराभोवती असलेली पिशवी. ती पडेपर्यंत गोठ्यातून कोणी हलत नाही. गाय ती खाऊन टाकते, नाही तर कुत्रं ओढून नेतं, म्हणून राखण बसावी लागते. पडली की जुन्या पोत्यात बांधून वडाला, उंबराला, म्हणजे चीक येणाऱ्या झाडाला टांगतात, गाईचं दूध वाढतं म्हणे. वाढतं की नाही मला माहीत नाही, पण टांगलेली पोती मी शेकड्यांनी पाहिली आहेत. आणि जार लवकर पडत नसली तर लटकत्या टोकाला वजन म्हणून घरातली जुनी चप्पल बांधून ठेवतात! मी गेलो की आधी ती चप्पल सोडायला लावतो. "बापा, त्या टोकाले चप्पल बांधली त आतून फाटते न." शेतकरी मान हलवतो. पुढच्या वर्षी पुन्हा चप्पल.

जारेला घाई चालत नाही. चार तास लागतात, सहा लागतात, कधी आठ. आणि आमची माणसं डॉक्टरला सोडत नाहीत. "बसा जी. जार पडली की जा. तुमी असले की धीर राह्यते." काम तर काही नसतं, पण उठूही देत नाहीत. आधीची कित्येक वर्षं मी तिथं बसून मनातल्या मनात चरफडायचो. फोनवर बोट फिरवायचो, घड्याळ पाहायचो, दोनदा चहा प्यायचो. मग एका कार्तिकात, ज्या दिवसांबद्दल मी हे लिहितो आहे त्याच दिवसांत, डोक्यात आलं की अरे, हाच तर तो अर्धा तास! हाच, जो पहाटे सापडत नव्हता.

मग काय, सुरूच केलं. गोठ्यातलं लिहिणं जमतंही फार छान. खाली उलटी ठेवलेली टोपली किंवा ढेपेचं पोतं, पाठीला कुडाची भिंत. ओल्या वासराचा वास, उकळत्या गूळ-बाजरीचा वास, गाय जिभेनं वासराला चाटते त्याचा खरखर आवाज. कोणी बांबूचा पाला आणतं, कोणी माझ्या हातात चिकाची वडी ठेवतं. शेजारच्या वावरातून कापूस वेचणाऱ्या बायांच्या गप्पा तुटक तुटक ऐकू येतात, कोणाची सून, कोणाचा जावई, मध्येच मोठ्यानं हसणं. मी गुडघ्यावर पॅड ठेवतो आणि लिहितो. औषधवाले देतात ना चिठ्ठ्या लिहायला, ते पॅड. खिशात तेच असायचं, आणि भरलेलं पान फाडून त्याच खिशात जायचं.

शेतकऱ्यांना वाटायचं, सरकारी कागद आहे. एक जण दोनदा येऊन डोकावला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माह्या गाईचा रंग तांबडा लिहिला न? नाही त मंग मागून वांधे होते." मी म्हणालो, "लिहिला, तांबडा लिहिला." आणि खरंच लिहिला. त्याच्यामुळे पानात रंग आला.

सौंसर-रामाकोना रस्त्याच्या आत, रामाकोन्याच्या अलीकडे, देवरावभाऊंची संत्र्याची बाग आहे. बागेतच घर, घरामागं गोठा. देवरावभाऊ कमी बोलणारा माणूस. बोलायचं सगळं काम कुसुमबाईंनी, त्यांच्या बायकोनं, अंगावर घेतलेलं. त्यांची गाय बिजली, मोठ्या कासेची, दुसऱ्या वेताची. गेल्या वर्षी याच दिवसांत एका सकाळी ती व्याली. मी दहाच्या सुमाराला पोचलो तेव्हा तोड चालू होती. झाडांखाली संत्र्यांचे ढीग, माणसं शिडीवर, कोवळ्या सालीचा नाकात झोंबणारा वास. बिजलीची जार साडेअकराला पडली. कुसुमबाईंनी ती पोत्यात बांधली, देवरावभाऊ वडाकडं घेऊन गेले. मी निघायलाच उठलो होतो, तेवढ्यात बिजली बसली.

बसली ती उठेना. कानाला हात लावला, कान गार. व्याल्यावर दुधाळ गाईच्या अंगातलं कॅल्शियम एकदम कासेत उतरतं आणि गाय अशी बसकण मारते. शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली की उभी राहते, नाही दिली तर काही तासांत संपते. माझ्या पेटीतली शेवटची बाटली पहाटेच दुसऱ्या एका गाईला लागली होती. मी चिठ्ठी लिहिली. बाटली, सुई, नळी. तेवढ्यात बिजली एका कुशीवर कलंडू लागली, म्हणून चिठ्ठी शर्टाच्या खिशात कोंबली आणि धावलो. तिघांनी मिळून तिला छातीवर बसती केली, दोन्ही बाजूंनी कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती लावली. मग शेणानं भरलेल्या दोन बोटांनी खिशातला कागद ओढला आणि देवरावभाऊंना दिला. "सौंसरले जा. पळत जा."

पाऊण तासाची खेप होती. गाईला करण्यासारखं होतं तेवढं केलं, पाठ चोळली, वर गोणपाट घातलं. आता वाटच पाहायची होती. आणि मी काय केलं? नेहमीचं केलं. टोपलीवर बसलो, पॅड काढलं, आणि सकाळपासून चार वेळा वाजलेला फोन बंद केला. हो, बंद केला. वीस मिनिटं तरी कोणी छळू नये, एवढंच मनात होतं.

तिकडं सौंसरच्या मेडिकलवाल्यानं कागद उघडला. औषधाची चिठ्ठी माझ्या खिशातच होती. त्याच्या हातात माझं आदल्या दिवशीचं पान गेलं होतं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. त्यानं आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. सकाळचं धुकं, धुक्यातून नुसत्या शिंगांनीच येणारी म्हैस, तिच्या मागं आवाजच तेवढा ऐकू येणारी बाई, असलं काहीतरी होतं. वाचून झाल्यावर तो देवरावभाऊंना म्हणाला, "हे कसं घ्यायचं सांगितलं डॉक्टरनं? सकाळ-संध्याकाळ? का जेवणानंतर?"

दुकान फुटलं हसून. देवरावभाऊ मात्र कागद घेऊन तसेच उभे. त्यांना बाटलीचं नाव ठाऊक नव्हतं, आणि घरातला एकुलता फोन त्यांच्याच खिशात होता. मेडिकलवाला वाईट माणूस नाही, त्यानं हसू आवरून मला फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. फोन बंद. नुसतं 'गाय बसली' एवढ्यावरून शिरेतून द्यायचं औषध तो तरी कसं देणार? देवरावभाऊ रिकाम्या हातानं परत आले.

मी त्यांच्या हातातला कागद पाहिला, माझंच कालचं पान. बिजलीनं तोवर मान वळवून कुशीत घातली होती. आता फार वेळ उरला नाही, हा त्याचा अर्थ मला कळत होता, कुसुमबाईंनाही कळत होता. मी गाडी काढली. त्या दिवशी मी ज्या वेगानं सौंसरला गेलो आणि आलो, तो वंदनाला अजून सांगितलेला नाही. बाटली पोटाशी धरून कोमट केली, मानेची शीर धरली आणि थेंब थेंब औषध सोडलं. एक कान तिच्या छातीला लावून बसलो. अर्धी बाटली गेली तशी तिच्या अंगावर थरथर आली. मग ढेकर आला. मग तिनं शेण टाकलं. कोणाच्या शेण टाकण्यानं डोळ्यांत पाणी यावं, असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग. बाटली संपल्यावर थोड्या वेळानं ती मागचे पाय सावरत उभी राहिली आणि वासराला हुंगू लागली.

कुसुमबाईंनी मला हात धुवायला पाणी घातलं. साबण दिला. आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमी चांगले माणूस आहा. पण आज तुमी लिहून राहिले होते, अन् माही बिजली मरून राहिली होती."

मी पेटी उचलली आणि आलो.

अकरा दिवस लिहिलं नाही. गावभर गोष्ट पसरली होतीच. चौकात गाडी थांबवली की कोणीतरी विचारायचं, "डॉक्टर, खोकला झाला, एखादी कविता लिहून द्या ना." मी हसायचो. थट्टेचं काही वाटत नव्हतं. कुसुमबाईंचं वाक्य मात्र छातीत रुतून बसलं होतं. वाटायचं, खरंच आहे. नोकरी जनावरांच्या जिवाची, आणि आपल्याला शब्दांचे लाड सुचतात. सोडून द्यावं. आधीची तेवीस वर्षं नव्हतं लिहिलं तर काय बिघडलं होतं?

बाराव्या दिवशी वंदनानं विचारलं, "काय झालं आज?" मी म्हणालो, "काही नाही." तिनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवली आणि वळली. ही तीच बाई, जिनं पहिल्या महिन्यात "पंधरा दिवसाचं नाटक हाय" म्हणून पैज मारली होती.

"पुन्हा सुरू झालं तुमचं काही नाही?" ती म्हणाली. "वही काऊन बंद केली वो?"

"गाय मेली असती व, वंदना."

"मेली असती, कबूल. थे कशानं? फोन बंद होता म्हणून. चिठ्ठी अन् पान एका खिशात ठेवलं म्हणून. वहीनं काय केलं? चोर सोडून संन्याशाले फाशी!" आणि भाकरी उलटवत पुढं म्हणाली, "तुमी लिहीत होते तवा घरी आल्यावर बोलत तरी होते माह्याशी. आता पुन्हा भिंत होऊन राहिले."

भाकरी करपली होती. आम्ही दोघांनी ती वाटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही आणली, जिचं पान फाडल्याशिवाय सुटत नाही. औषधाची चिठ्ठी पॅडवर, माझं पान वहीत. फोन चालू, मोठ्या आवाजावर, गुडघ्याशी. वाजला की वाक्य अर्धं सोडून उठायचं. कितीतरी वाक्यं अशी अर्धी पडली आहेत. काही दुसऱ्या दिवशी पुरी होतात, काही होत नाहीत.

पण त्या वहीत पहिलं अक्षर काढण्याआधी मी देवरावभाऊंच्या बागेत गेलो. तोड संपली होती, झाडं हलकी झाली होती. कुसुमबाई संत्र्यांच्या पेट्यांसाठी आणलेलं उरलेलं तणीस आवरत होत्या. मी म्हणालो, "माफी मागायला आलो, बाई. फोन मी बंद केला होता. चुकीचा कागद मीच दिला. सगळी चूक माही."

"थे त मले तवाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "काय लिहिलं होतं वो त्या कागदात? आमचे हे सांगते, दुकानात लय हसले म्हणे सारे."

मी वाचून दाखवलं. धुकं, शिंगं, मागून येणारा आवाज. त्यांनी तणीस आवरणं न थांबवता ऐकलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे त मी रोज पाहतो."

"हो न. म्हणूनच लिहिलं."

त्यांनी हातातलं तणीस खाली टाकलं. मग म्हणाल्या, "मंग बिजलीचं काऊन नाही लिहिलं? मरता मरता उठली थे. लिहा. अन् मी जे बोलली थेही लिहा, गाळू नका. पण फोन चालू ठेवून!"

त्यांच्याच गोठ्यात बसून लिहिलं. गाळलं काहीच नाही. लिहिताना माझा हात दोनदा थांबला, त्या वाक्यापाशी. पण मी आता लिहायचं सोडणार नाही हे मला तिथंच कळलं, कारण जे वाक्य ऐकून मी पळून आलो होतो, ते लिहिल्यावरच मला त्या गोठ्यात पुन्हा नीट उभं राहता आलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण दुकानातली गोष्ट चालत चालत पांढुर्ण्याला पोचली. महिन्याची बैठक होती. सौंसर-पांढुर्ण्याकडचे आम्ही सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, समोर साहेब. साहेब नवे, लांबच्या जिल्ह्यातून आलेले, वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामाला चोख. लसीकरणाचे आकडे झाले, बिल्ले झाले, आणि मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"सुना है आप ड्यूटी पर साहित्य लिखते हैं?"

खुर्च्या हसल्या. मी उभा राहिलो. "हो साहेब. लिहितो."

"एक पशु मरते-मरते बचा है."

"खरं आहे साहेब. चूक माझी होती."

"तो फिर स्पष्टीकरण दीजिए. अभी, यहीं. और लिखकर दीजिए कि आगे से नहीं लिखेंगे."

कोणीतरी मला कोरा कागद दिला. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. बाहेर रस्त्यावर संत्र्याच्या गाडीचा हॉर्न वाजत होता, खोलीत पुढचे आकडे वाचले जात होते. माझा हात सवयीनं "सेवा में" कडं निघाला. मी त्याला आवरलं. आणि मराठीत लिहायला लागलो.

लिहिलं की अमुक दिवशी देवरावभाऊंच्या गोठ्यात मी फोन बंद केला, तो करायला नको होता. औषधाची चिठ्ठी आणि माझं पान एकाच खिशात ठेवलं, ते ठेवायला नको होतं. त्यामुळं एक गाय मरणाच्या दारात जाऊन आली आणि एका बाईनं मला जे सुनावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. याची जी शिक्षा असेल ती द्या, मी हूं का चूं करणार नाही. मग लिहिलं की जार पडायला चार ते आठ तास लागतात. त्या वेळात गाईला माझी गरज नसते, फक्त मी तिथं असावं लागतं. मी तिथं असतो. डोळे गाईवर, कान फोनवर, आणि हात रिकामे. लिहायला लागल्यापासून मी गाईकडं जास्त नीट पाहतो, कारण जे पाहिलं नाही ते लिहिता येत नाही. बिजलीचा कान गार लागला ते हाताला आधी कळलं, कारण आदल्याच आठवड्यात मी गाईच्या कानांवर एक अख्खं पान लिहिलं होतं. हे सगळं लिहिता लिहिता कागद मागून-पुढून भरला. खाली सही केली.

शिक्षा पुढं झाली. तीन आठवड्यांनी चेतावणीचं पत्र आलं, ते माझ्या सर्व्हिस बुकात आहे. योग्यच झालं, गाईच्या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही. वंदनानं ते पत्र वाचलं आणि म्हणाली, "भाषा किती कोरडी वो यांची. तुमच्याकडून लिहून घ्यायला पाह्यजे होतं."

पण त्या दिवशी, त्या खोलीत, मी कागद नेऊन साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"यह तो मराठी में है."

"हो साहेब. वाचून दाखवतो."

आणि दाखवला. पहिल्या ओळीपासून, सावकाश. आधी खुर्च्या कुजबुजत होत्या, मग कुजबुज थांबली. साहेबांना किती समजलं मला माहीत नाही. पण ते मध्ये बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. वाचून संपल्यावर त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला, दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इसमें यह कहाँ लिखा है कि आप आगे से नहीं लिखेंगे?"

"ते नाही लिहिलं साहेब," मी म्हणालो. "बाकी सगळं लिहिलं."